आधी सुई की आधी स्टेरॉइड?

(नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर. पाणी पिऊन पिऊन घरभर मुततो, अन्नाला तोंड लावत नाही. रक्तातलं कॅल्शियम 15. साडेअकराच्या वर गेलं की काळजीचं. बोलणारे दोघे : काका आणि त्यांची पशुवैद्य पुतणी.)

काका : सलाईन लावलंस, बरं केलंस. आता स्टेरॉइडही देऊन टाक ना. समोरच्यांचा कुत्रा दुसऱ्या दिवशी उठून जेवला होता.

पुतणी : हाही जेवेल, कॅल्शियमही उतरेल. पण कुत्र्यांत ते एवढं वाढलं की पहिला संशय कर्करोगाचा, त्यातही लिम्फोमाचा. स्टेरॉइडनं गाठी बसतात, मग सुईनं काढलेल्या पेशींत काही सापडत नाही. पुढे आजार उलटला की केमोलाही नीट दाद देत नाही.

काका : म्हणजे तुझा तपास चोख व्हावा म्हणून त्यानं उपाशी राहायचं? आजाराचं नाव आपल्याला हवं असतं गं. त्याला काय त्याचं?

पुतणी : मला हवं असतं, खरंय. पण शेपटीखालच्या ग्रंथीत किंवा गळ्यातल्या पॅराथायरॉइडमध्ये गाठ निघाली, तर शस्त्रक्रियेनं कॅल्शियम खाली येऊ शकतं. अ‍ॅडिसनचा आजार निघाला तर औषधांवर वर्षानुवर्षं जगेल. नाव त्याच्याही कामाचं आहे.

काका : आणि लिम्फोमाच निघाला तर?

पुतणी : केमो कराल?

काका : या वयात? दर आठवड्याला दवाखाना? नाही सांगता येत.

पुतणी : करायचीच नसेल, तर स्टेरॉइड हाच उपचार. बरेच जण तेवढाच करतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काका : म्हणजे मी आधी ठरवायचं आणि तू नंतर शोधायचं! उलटंच झालं की.

(उलटं आहेच. नाव कळून वागण्यात काही फरक पडणार नसेल, तर त्यासाठी मुक्या जिवाला थांबवण्याचा हक्क कुणाचा? फक्त, फरक पडेल का हे सगळी नावं पुढ्यात आल्याशिवाय कळत नाही. इथे मला पुतणीचं पटतं, पण एका दिवसापुरतंच.)

काका : थांबायचं तरी किती?

पुतणी : फॉस्फरस चढलेलं असतं तर फार थांबलेच नसते. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा गुणाकार सत्तरच्या पुढे गेला की मूत्रपिंडात चुना साचायची भीती. याचं फॉस्फरस 3 आहे, म्हणजे पंचेचाळीस. सलाईननं काही झाकलं जात नाही. मळमळीचं इंजेक्शन आत्ताच देते.

काका : ते आधी का नाही सुचवलंस?

पुतणी : तुम्ही स्टेरॉइडवरून हलत नव्हतात. आज सुई घालते, पोटाची सोनोग्राफी करते, पेशी मीच सूक्ष्मदर्शकाखाली बघते. निदान पक्कं झालं, तर रात्री काय द्यायचं ते तुमच्या केमोच्या उत्तरावर.

काका : आणि नाही झालं तर?

पुतणी : तर पॅमिड्रोनेट, कॅल्शियम उतरवणारं औषध. त्यानं लिम्फोमा झाकला जात नाही, पण उतार पडायला दिवस-दोन दिवस लागतात. तोवर तुम्ही माझ्याशी भांडा.