विकलेल्या मोटारीचा रंग

विकून टाकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा काही अधिकार उरतो काय? कायद्याला विचारले तर उत्तर चटकन मिळते. पैसे घेतले, कागदावर सही केली, संपले. परंतु आमच्या मराठवाड्यातल्या एखाद्या बैलबाजारात उभे राहून पाहिले तर गोष्ट इतकी सोपी वाटत नाही. व्यवहार ठरतो, नोटा मोजून होतात, आणि मग जुन्या चालीचा शेतकरी बैलाचे दावे सोडून घेतो. बैल देतो, दावे देत नाही. त्या दोन हात दोरीची किंमत ती काय! जाताना तो म्हणतो, "सांभाळा बरं." घेणाराही "घरच्यासारखा ठेवतो" असे म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाही. या दोन वाक्यांची पावती कोणी फाडत नाही.

यंदा हा प्रश्न पालममध्ये एका मोटारीवरून निघाला. माझा एक जुना विद्यार्थी लोह्याच्या रस्त्याला गॅरेज चालवतो. ट्रॅक्टर, जीप, पाण्याची इंजिने, जे येईल ते दुरुस्त करतो. गणितात कच्चा होता, पण हातात विद्या आहे. त्याने परभणीहून १९७३ ची एक फियाट विकत आणली. तिची त्याला स्पोर्ट्‌स कार करायची आहे.

आजच्या मुलांना फियाट म्हणजे काय हे सांगावे लागेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडू लागल्या. पहिल्या गोलमटोल गाडीला मुंबईकरांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ मध्ये चौकोनी चेहऱ्याची 'डिलाइट' आली, १९७२ मध्ये तिची 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची बैठक बाकासारखी सलग. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा ज्यांनी कधी टॅक्सीला हात केला नसेल अशांनाही चुकल्यासारखे झाले. ही गाडी शर्यतीची नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी मद्रासजवळचे शोलावरम आठवावे. तिथल्या युद्धकाळातल्या विमानांच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, आणि हौशी लोक घरच्या फियाटी सुधारून तिथे उतरवीत.

गावात टीका झालीच. पाऊस असा, कापसाचा भाव तसा, आणि याला मोटारीची चैन सुचते! मला ही टीका मान्य नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसाने सुंदर वस्तूची इच्छा धरली की तो गुन्हा, आणि पुण्या-मुंबईच्या माणसाने धरली की ती रसिकता, हा न्याय मला कळत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची काळजी वाहणाऱ्याने एक यंत्र स्वतःच्या आनंदासाठी हाती घेतले तर बिघडले कुठे? (गाडी चार बोटे खाली बसवायचा त्याचा बेत मात्र मी हाणून पाडला. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ती बैलजोडीनेच ओढावी लागली असती.)

खरी अडचण पुढे आहे. गाडी एका डॉक्टरांची. डॉक्टर वारले. त्यांच्या पत्नीने, वय ऐंशीच्या घरात, गाडीचे दोन लाख सांगितले होते. याचे बोलणे, त्याने बॉनेट उघडताना लावलेला हळुवार हात, हे पाहून त्या एक लाख साठ हजारांवर आल्या. किल्ली देताना म्हणाल्या, "काय करायचं ते करा बाबा, रंग तेवढा ठेवा." गाडी फिकट निळी आहे. रात्री-अपरात्री खेड्यापाड्यांत व्हिजिटला जाणारी ती निळी गाडी लोक लांबून ओळखत. हा काही बोलला नाही. आणि आता त्याने लाल रंग आणून ठेवला आहे.

गंमत अशी, की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बांधणीत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत बदल झालेला नसेल तरच. रंगाला मात्र फारशी आडकाठी नाही; कार्यालयात नोंद करून घेतली की झाले. म्हणजे कायदा रंगाखेरीज बाकीच्यावर डोळा ठेवतो, आणि बाई रंगाखेरीज सगळे माफ करतात.

माझ्या विद्यार्थ्याने युक्तिवाद चांगला केला. "सर, सीटा नव्या, चाकं नवी, वायरिंग नवं, खालचा पत्रा सडलेला तोही नवा. आता ही त्यांची गाडी राहिलीच कुठं?"

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. तत्त्वज्ञान माझ्या वाट्याला आले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून. पण हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनाचे. हा ग्रीक राजा रथातून भिक्षू नागसेनाला भेटायला आला, तेव्हा नागसेनाने विचारले, रथ म्हणजे काय? दांडी रथ आहे काय? आस? चाके? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. रथ हे सगळ्या भागांच्या मेळाला दिलेले नुसते नाव. माझ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट फार आवडली. मेळ बदलला, नाव बदलले!

पण नागसेन तिथे थांबत नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, तरी त्या दिव्याच्याच आधाराने रात्रभर उजेड होता. आणि आंब्याच्या चोराची गोष्ट तर आमच्या गॅरेजसाठीच रचल्यासारखी आहे. चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा जमिनीत गेला, मी तोडले ते वेगळेच आंबे. मग माझा दोष कोणता? राजा म्हणतो, दोष आहेच, कारण हे त्याच्यातूनच आले. पत्रा बदला, चाके बदला, त्या निळ्या गाडीतूनच ही गाडी आली आहे.

तरी बाईंचा हक्क उरतो असे मी म्हणत नाही. नुसती इच्छा ऐकून घेणाऱ्यावर कर्ज चढत नाही. नाहीतर जुने घर घेणाऱ्याला भिंतीतला एक खिळाही काढता यायचा नाही. पुरे दोन लाख मोजून तो गप्प बसला असता तर मी लाल रंगाला अडवले नसते, हळहळलो असतो एवढेच. पण इथे किंमत चाळीस हजारांनी उतरली आणि मग ती अट आली. ज्या शांततेतून माणसाचा फायदा होतो तिला मी शांतता मानीत नाही. बैलबाजारात तिला होकार म्हणतात. तो काही बोलला नाही हे खरे. पण "मी लाल करणार आहे" हेही बोलला नाही, आणि बोलला असता तर किल्ली त्या भावात हाती आली नसती, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

सध्या गाडी प्रायमरच्या राखी रंगात उभी आहे. ब्रेक नवे घातले, इंजिन खोलून तेच पुन्हा बांधले. सुरू झाले तेव्हा शेजारचे चहावालेही बघायला आले. रंगाच्या डब्याचे झाकण अजून उघडलेले नाही. आता तो म्हणतो, दिवाळीत परभणीला जातो आणि बाईंना विचारतोच. ऐकायला हे प्रामाणिक वाटते. पण दिवाळीच्या दिवशी फराळाचे ताट पुढे ठेवलेल्या म्हाताऱ्या बाईला असे विचारले, तर ती "तुमची मर्जी" याखेरीज दुसरे काय म्हणणार? मी त्याला म्हटले, जायचे तर चाळीस हजार बरोबर घेऊन जा. ते आधी त्यांच्या हातात ठेव, आणि मग विचार.