एक गोल, वर्षभर

सांगली,
ज्येष्ठ महिना

चि. मनू हिस,


बारा सुयांच्या डबीचा आणि डबल बेडच्या चादरीच्या नमुन्याचा फोटो मिळाला. खाली तू विचारलं आहेस, ‘आत्या, जमेल ना मला?’ जमेल. पण करू नकोस.

चादर अवघड नसते गं, लांबते. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी विणणारीला दोन वर्षं कुठे गेली कळत नाहीत. पहिला महिना उत्साहात जातो, मग ती पिशवी कपाटावर चढते आणि तिथून तुझ्यावर डोळे वटारत बसते. अपुरी कामं तुला ऑफिसात कमी आहेत का? माझं ऐकशील तर जो ऋतू चालू आहे त्यात लागेल अशीच वस्तू घे, आणि तो ऋतू सरायच्या आत ती वापरायला काढ. त्याहून मोठं काही सुरुवातीची एक-दोन वर्षं हातात धरायचं नाही.

त्या डबीतल्या दोन सुया बाहेर ठेव. लोकरीसाठी चार मिलिमीटरची आणि क्रोशाच्या सुती दोऱ्यासाठी सव्वा मिलिमीटरची, पोलादी. बाकीच्या दहा मिटून ठेव. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, तेव्हा चाळीस नंबरच्या वाटेला जाऊ नकोस, वीस पुरे. शिकताना मात्र मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घे. काळ्या दोऱ्यात टाका दिसत नाही आणि केसाळ लोकरीत तो सापडत नाही. तुळशीबागेत जाशील तेव्हा हे लक्षात ठेव, कारण तिथे गेल्यावर हात नेमके केसाळ लोकरीकडेच जातात.

टाके तीनच शीक: साखळी, मुका खांब, खांब. व्हिडिओ बघून शिकणार असशील तर बाई कुठली आहे ते आधी बघ. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ असतो आणि तोच ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. हे ठाऊक नसलं की नमुना बिघडतो आणि मुली स्वतःला दोष देत बसतात.

आता मुद्द्याचं. या तीन टाक्यांवर एक गोल विणायला शिक. चार साखळ्या जोडून कडं कर, त्यात बारा खांब घाल. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन, म्हणजे चोवीस. तिसरीत एका घरात एक, पुढच्यात दोन, असे छत्तीस. चौथीत अठ्ठेचाळीस. दर फेरीला बाराच वाढवायचे, ना जास्त ना कमी. तू इंजिनिअर, ‘बाराच का?’ हे विचारणारच. गोलाची त्रिज्या प्रत्येक फेरीत एका खांबाच्या उंचीइतकी वाढते, म्हणजे परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पट वाढायला हवा. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो. कर गुणाकार. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणून त्याच्या गोलात सहाच वाढवतात. माझ्या आईला हे गणित कुणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या बोटांना ते येत होतं. तू डोक्याने समजून घे, बोटं मागून येतील.

हा नियम मोडला की काय होतं तेही करून बघ, मजा त्यातच आहे. कमी वाढवलेस तर गोल वाटीसारखा वर उचलतो. वाढवायचं थांबवलंस तर सरळ भिंत उभी राहते. जास्त वाढवलेस तर कडेला झालर पडते, गोल काही केल्या जमिनीवर सपाट बसत नाही. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना ताइमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये मुद्दाम असेच जास्त टाके वाढवत जाऊन एक आकार विणला. कारण अशा झालरदार पृष्ठभागाची भूमिती, तिला हायपरबोलिक म्हणतात, फळ्यावर काढून समजत नाही आणि कागदाची प्रतिकृती हाताळताना फाटते. विणलेली मात्र विद्यार्थ्यांनी हवी तशी दुमडून पाहिली. तेव्हा तुझा गोल पहिल्यांदा फुगला आणि वाकडा झाला, तर तो वाया गेला असं समजू नकोस.

आणि उसवायला घाबरू नकोस. दोन सुयांवरच्या विणकामात ओळभर टाके सुईवर जिवंत असतात, एक निसटला की खाली धावत जातो. क्रोशात बहुतेक वेळा जिवंत फास एकच. सुई काढून दोरा ओढला की हवं तिथपर्यंत उसवतं, फास पुन्हा सुईवर घेतला की काम चालू. इतका क्षमाशील छंद मी दुसरा पाहिला नाही.

तुझ्या आजीच्या काळी ही क्षमा सुईत होती, माणसांत नव्हती. मुलगी बघायला आले की ‘विणकाम येतं का?’ हा प्रश्न ठरलेला. रुखवतात क्रोशाचे रुमाल, तोरणं, बटवे मांडायचे आणि वरपक्षाच्या बायकांनी ते उलटे करून मागच्या गाठी बघायच्या. रेडिओवर, मग टीव्हीवर घातलेली ती जाळीदार आच्छादनं आज तुम्हाला गमतीची वाटतात. त्यांतली कितीतरी कुणाची तरी परीक्षा होती. तुझं काम कुणी उलटं करून बघणार नाही. हे सुख आहे, ते तू स्वतःच परीक्षक होऊन घालवू नकोस.

तर आता पावसाळा. हवेत ओल असते, हात चिकट होतात, म्हणून लोकर बांधून ठेव आणि सुती दोरा काढ. पोलादी सुई कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव, नाहीतर गंजाचा डाग पांढऱ्या दोऱ्यावर उतरतो. श्रावण संपेपर्यंत गणपतीचं तोरण होतं. मुठीएवढे गोल सुटे विणायचे आणि साखळीच्या लांब पट्टीला एकेक टाचत जायचं. सुट्या गोलांचा फायदा असा की वेळ कमी पडला तर तोरण आखूड होतं, अपुरं राहत नाही. मघाच्या झालर पडलेल्या गोलाचं इथे जास्वंद होईल. मधे पिवळ्या दोऱ्याचा तुरा काढ. लाल दोरा आधी वाटीभर पाण्यात भिजवून रंग सुटतो का ते पाहा. पांढऱ्याशेजारी लाल विणून मग धुण्याचं दुःख फार वाईट.

दिवाळीला कंदील. फुगवलेल्या फुग्यावर बसेल एवढा जाळीदार गोल विणायचा, फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी घालून त्यात बुडवून फुग्यावर ताणायचा, पूर्ण वाळला की फुगा फोडायचा. परदेशी पुस्तकांत यासाठी साखरेचा पाक सांगतात. त्या बायकांनी आपल्याकडच्या मुंग्या पाहिलेल्या नाहीत. आत एलईडीचाच दिवा लाव, पणती अजिबात नको. सूत जळतं आणि ॲक्रिलिकची लोकर वितळून चिकटते, ते अधिक वाईट.

थंडीत लोकरीला हात लाव आणि टोपी कर. या वर्षी दुसरं काही केलं नाहीस तरी चालेल, पण टोपी कर, कारण तिच्यात गोलाचं सगळं शास्त्र येतं. तुझ्या मैत्रिणीचं बाळ तोवर वर्षाचं होत आलं असेल. त्याच्या डोक्याचा घेर भुवयांच्या जरा वरून मोज. समजा तो ४४ सेंटिमीटर भरला. ३.१४ ने भाग, चौदा येतात. लोकर ताणते म्हणून एक वजा कर. सपाट गोल तेरा सेंटिमीटरचा झाला की वाढवणं बंद, आणि फेऱ्या सरळ घालत कानांपर्यंत उतर. लोकर मऊ घे, आधी आपल्याच मानेला घासून बघ. गोंडा आणि बंद लावायचा मोह आवर. बाळ गोंडा उपटून तोंडात घालतं आणि बंद गळ्याभोवती फिरतो.

संक्रांतीच्या वाणाला याच गोलाचा बटवा होतो: तळाला गोल, वर भिंत, कडेच्या घरांतून ओवलेली साखळी. आत तिळगूळ. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा शंभर पटीने बरं वाण, पण पाच जणींपुरतंच कर, हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना द्यायच्या भानगडीत पडू नकोस.

उन्हाळ्यात ताकाच्या भांड्यावरचं जाळीचं झाकण. काचेचे मणी आधीच दोऱ्यात ओवून घ्यायचे आणि शेवटच्या फेरीत एकेक पुढे सरकवत विणायचे. मण्यांच्या वजनाने झाकण पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही आणि माशी बाहेर राहते.

या सगळ्यात मध्येच कुणीतरी तुला म्हणेल, ‘किती सुंदर, विकत का नाहीस?’ हसून विषय बदल. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूरच्या आसपास हजारो बायका पिढ्यानपिढ्या क्रोशाची लेस विणतात. ही कला तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आली आणि माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्यांच्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या त्या बाया ‘गृहिणी’ ठरत, त्यांचं काम ‘फावल्या वेळचं’ ठरे, आणि म्हणूनच मजुरी इतकी कमी देता येई, हे मीसबाईंनी दाखवून दिलं. तुझा वेळ खरोखर फावला आहे. त्याला बाजारात नेलंस तर तूही नकळत त्याच भावात बसशील आणि तुझा शनिवार जाईल तो वेगळाच. आणखी एक. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही, मॉलमध्ये स्वस्तात टांगलेला क्रोशाचा टॉप कुणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो. तुला आता एका बाहीला किती वेळ लागतो ते कळेल. मग प्रदर्शनात हाताने विणलेल्या वस्तूसाठी घासाघीस करताना दिसलीस तर माझ्याशी गाठ आहे.

मनगट दुखलं की थांब. सुई पेन्सिलीसारखी धर किंवा सुरीसारखी, दोन्ही चालतं, आवळून मात्र धरू नकोस. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून विणायला माझी ना नाही, तुझ्या साहेबांची असेल.

गुरुपौर्णिमेनंतर पुण्यात येते आहे. वीस नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याचे दोन गुंडे माझ्याकडे पडून आहेत, ते आणते, लाल तू घेऊन ठेव. आणि पहिला गोल वाटीसारखा झाला असला तरी उसवू नकोस, मला बघायचा आहे. तुझे खांब कुठे कमी पडतात ते त्यावरून चटकन कळेल.

तुझी,
आत्या