रुग्णालय कोठे असावे?

वाचकहो, एखाद्या भागात मोठे सरकारी रुग्णालय होणार अशी वार्ता आली की जागेचा वाद उभा राहतोच. जो तो म्हणतो, आमच्या गावाला द्या! ह्या वादात धर्म कोणत्या बाजूस आहे, ते आम्ही पाहू.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. १९८२ साली हा जिल्हा चंद्रपुराहून वेगळा झाला. जिल्ह्याचे ठाणे उत्तरेस आणि सिरोंचा दक्षिण टोकास, २०० किलोमीटरांहून लांब. त्यात पर्लकोटेला मोठा पूर आला की भामरागडची वाट बंद.

पूर्वपक्ष म्हणतो, जिथे वस्ती दाट तिथे रुग्णालय; खर्च एक, लाभ पुष्कळांना. ह्यात तथ्य आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रानात इमारत बांधली, पण वैद्य टिकला नाही, औषध पोचले नाही, तर काय उपयोग? उलट शहरात सारे जमले आणि रोगीच पोचला नाही, तर चौथा पाय तुटला. तीन पायांची बाज कुणाच्या कामाची?

वैद्य रानात टिकत नाही म्हणावे, तर १९७३ साली बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. परंतु सर्वांकडून असे तप घडेल, ह्या भरवशावर राज्य चालत नाही.

म्हणून आमचे मत असे. मोठे रुग्णालय चार वाटा मिळतात तिथे असो. पण अंतर कोसांनी मोजू नये, अडलेल्या बाईला भर पावसात पोचायला किती वेळ लागतो, त्याने मोजावे. आणि ज्यांच्या दारात ते झाले, त्यांच्यावर लांबच्यांचे ऋण चढले, हे विसरू नये. सपाटीवर ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी व आदिवासी भागात २०,००० मागे एक, असा सरकारचाच दंडक आहे. विषम वाटेला सारखे माप लावणे न्याय नव्हे, हेच त्यात मान्य झाले. बाळंतपणाआधी दवाखान्यापाशी येऊन राहण्याची सोय आदिवासी भागात केली, तिला नाव दिले ‘माहेरघर’. पंढरीला माहेर म्हणणाऱ्यांना त्याचा अर्थ काय फोडून सांगायचा?

दिंडीत मागे कोण राहिले, ह्याची चौकशी मुक्कामावर होतेच. जागेच्या सभेतही आधी हाच प्रश्न यावा: शेवटी पोचणारा कोण, आणि तो जिवंत पोचेल काय? त्याला जी जागा सोयीची, ती आपल्या गावची नसली तरी तिच्यासाठी हात वर करावा. भूतदया ती हीच.

रामकृष्णहरी.