चार आठवड्यांची पायरी

2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बैतूल आणि पांढुर्णा या जिल्ह्यांत वीसहून अधिक लहान मुलांचा जीव घेतला. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. कित्येकांना नागपूरच्या रुग्णालयांत हलवले, तरी वाचवता आले नाही. तमिळनाडूतील तपासणीत त्या बॅचमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. औषधात त्याची मर्यादा 0.1 टक्का असते. हे सोसलेल्या मुलखात कुठल्याही औषधाबद्दल पहिला प्रश्न शुद्धतेचा पडणे साहजिक आहे. माल अस्सल आहे ना, कंपनी खरी आहे ना, हे विचारायलाच हवे.

पण एका औषधाच्या बाबतीत हा प्रश्न अर्ध्या वाटेवर थांबतो. वजन कमी करण्याचे आठवड्याचे इंजेक्शन अस्सल असून, नामांकित कंपनीचे असून, थंड पेटीतून आलेले असूनही माणसाला आडवे करू शकते. दोष औषधात नसतो, ते किती घाईने वाढवले यात असतो. मोठ्या डोसाची सुरक्षितता नुसती डोसाच्या आकड्यात नसते, तिथवर पोचायला शरीराला दिलेल्या वेळातही असते. हे का, ते नीट पाहू.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते. मात्र काही मिनिटांतच ते नष्ट होते. त्या इंजेक्शनातले सेमाग्लुटाइड हा त्याचाच नक्कल केलेला, पण टिकाऊ अवतार. शरीरातले सेमाग्लुटाइड निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घ्यायचे. ही मोठी सोय आहे, आणि सगळी मेखही इथेच आहे.

हिशेब करून पाहा. पहिल्या आठवड्यात एक मिलिग्रॅम टोचले. दुसरे टोचायची वेळ येते तेव्हा आधीचे अर्धे उरलेले असते, म्हणजे शरीरात दीड. तिसऱ्या वेळी पावणेदोन, चौथ्या वेळी पावणेदोनच्या थोडे वर, आणि असे करत आकडा दोनच्या जवळ जाऊन ठरतो. खोक्यावर एक लिहिलेले असते, शरीर जवळपास दोन वाहत असते. हा साठा भरायला चार-पाच आठवडे लागतात. पहिल्या इंजेक्शननंतर दोन दिवसांनी ‘मला तर काहीच त्रास नाही’ असे म्हणणाऱ्याने त्या डोसाचा खरा भार अजून पाहिलेलाच नसतो.

वेगोव्ही या नावाने मिळणाऱ्या सेमाग्लुटाइडची चढण 0.25 पासून सुरू होते. मग 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4 मिलिग्रॅम, प्रत्येक पायरीवर चार आठवडे. वरच्या पायरीला पोचायला सोळा आठवडे जातात. ही कंपनीने उगाच लावलेली लांबण नाही. साठा भरायला जितका वेळ लागतो, साधारण तितकाच वेळ पायरीला दिलेला आहे. संत्र्याच्या बागेला ताण दिल्यावर आंबवणीचे पहिले पाणी हलके का द्यायचे, हे सौंसरच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. एकदम भरपूर पाणी सोडले तर झाड ते सोसत नाही. जठराचेही तसेच.

आता मोठ्या डोसाकडे येऊ. स्टेप अप नावाच्या चाचणीत 1,407 लठ्ठ, पण मधुमेह नसलेल्या लोकांवर सेमाग्लुटाइडचा 7.2 मिलिग्रॅमचा डोस तपासला गेला. आधी 2.4 पर्यंत चढायचे, मग वर जायचे. 72 आठवड्यांनंतर 2.4 घेणाऱ्यांचे वजन सरासरी 15.6 टक्के उतरले होते, 7.2 घेणाऱ्यांचे 18.7 टक्के. डोस तिप्पट झाला, फायदा साधारण तीन टक्क्यांनी वाढला. शंभर किलोच्या माणसाला हे तीन किलो. दुसऱ्या बाजूला, त्वचेला मुंग्या येणे, जळजळणे, नुसत्या स्पर्शाने दुखणे असा त्रास 2.4 घेणाऱ्यांत 6 टक्क्यांना झाला, 7.2 घेणाऱ्यांत जवळपास 23 टक्क्यांना. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ यांपैकी काही ना काही 61 वरून 71 टक्क्यांवर गेले. बहुतेकांचा त्रास पुढे ओसरला, युरोप आणि ब्रिटनमध्ये या डोसाला मान्यताही मिळाली. म्हणजे मोठा डोस निषिद्ध नाही. पण तो त्याच्यासाठी आहे, ज्याने खालची पायरी पचवली, तरी वजन पुरेसे हलले नाही आणि ज्याच्यावर डॉक्टरची नजर आहे.

ती नजर का हवी, हेही त्याच आठवड्याच्या हिशेबातून कळते. चुकून जास्त टोचले गेले तर औषध परत काढून घेता येत नाही. त्यावर उतारा नाही. उलट्या दोन-चार दिवस चालल्या तर अंगातले पाणी जाते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पांढुर्ण्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे असताना, हा धोका आणखी वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2024 मध्ये इशारा दिला तो चुकून जास्त टोचले जाण्याबद्दलच. कुपीतले औषध सिरिंजमध्ये भरताना लोकांनी मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांची गल्लत केली आणि ठरल्यापेक्षा पाच ते वीस पट औषध घेतले. आपल्याकडे ही गल्लत आणखी सोपी आहे, कारण इन्सुलिनच्या सिरिंजा दोन तऱ्हेच्या मिळतात. लाल टोपणाची चाळीस युनिटची आणि केशरी टोपणाची शंभर युनिटची. ‘दहाच्या खुणेपर्यंत भरा’ असे सांगितले, तर केशरीत 0.1 मिलिलिटर येते आणि लालमध्ये 0.25. तीच दहाची खूण, औषध अडीच पट.

खंडाचेही गणित असेच. लग्नसराईत, पोळ्याच्या नि गोटमार मेळ्याच्या गर्दीत, किंवा पैशांची चणचण आली म्हणून महिनाभर इंजेक्शन राहिले, तर साठा बराच रिकामा झालेला असतो. मग ‘मी 2.4 वर होतो’ म्हणून थेट तिथूनच सुरू करणे म्हणजे पायऱ्या सोडून गच्चीवर उडी मारणे. पुन्हा कुठून चढायचे, ते डॉक्टरने ठरवावे.

घरात मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना या इंजेक्शनने भूक मेली आणि त्यात श्रावणातला उपवास आला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोळ्यांचा पडदा आधीच बिघडलेला असेल तर साखर झपाट्याने उतरल्यानेही तो आणखी बिघडू शकतो. पित्ताशयात खडे झालेल्यांनी, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनी, घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असलेल्यांनी आणि मूल हवे असलेल्या स्त्रियांनी ही माहिती आधीच सांगायला हवी.

टिर्झेपटाइड या अशाच आठवड्याच्या औषधाचे मौंजारो हे इंजेक्शन मार्च 2025 मध्ये भारतात आले, वेगोव्ही जूनमध्ये. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचे इथले पेटंट संपले. पेटंट संपले की इतर कंपन्याही तेच औषध बनवतात आणि दर उतरतो. नागपुरात मिळणारी वस्तू सावनेर ओलांडून सौंसर-पांढुर्ण्याला यायला मग वेळ लागत नाही. स्वस्त होणे चांगलेच आहे, लठ्ठपणा हा श्रीमंतांचाच आजार नाही. पण औषध स्वस्त झाले म्हणून त्याचा आठवड्याचा हिशेब बदलत नाही. विशेषज्ञ नागपूरला आणि इंजेक्शन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, अशी वेळ आली की घाई करायला कुणी अडवत नाही.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. बिल घ्या, बॅच नंबर पाहा, औषध फ्रिजमधूनच आले का ते विचारा. कोल्ड्रिफनंतर ही सवय सोडू नका. आणि डोस वाढवायचा म्हटला की आणखी तीन प्रश्न विचारा. या पायरीवर माझे चार आठवडे पूर्ण झाले का? कुठली सिरिंज, किती खूण? आणि रात्री उलट्या थांबल्या नाहीत, तर मी कुणाला फोन करू? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस नसेल, तर वरची पायरी चढू नये.