वाटाड्याची निवड

येत्या मे महिन्याच्या अखेरीस रूपिन खिंड ओलांडावयाची असे आमच्या मंडळींत ठरले, आणि पायांचे काम सुरू होण्यापूर्वी जे कागदांचे काम असते ते रीतीप्रमाणे आमच्याकडे आले. दिल्लीच्या एका मंत्रालयात दहा-बारा वर्षे टिपणे लिहीत आलेल्या माणसाकडे असली कामे न मागता येतात. आम्ही पाच कंपन्यांची दरपत्रके मागविली आणि एका रविवारी, हाताच्या सवयीने, त्यांचा तुलनात्मक तक्ता तयार केला. डावीकडे कंपनीचे नाव, पुढे दिवस, तंबू, भोजन, विमा, आणि अखेरच्या रकान्यात दर. सर्वांत कमी दर १३,००० रुपये, सर्वांत अधिक २४,०००. तक्ता पुरा होताच आमचे बोट १३,००० च्या ओळीवर जाऊन टेकले. सरकारी खरेदीत किमान पात्रता सिद्ध झाली की बोटाने तेथेच टेकावयाचे असते. त्याला दुसरे काही शिकविलेलेच नाही.

मात्र बोट तेथे टेकल्यावर २०२३ सालच्या जूनमधील एक रात्र आम्हांस आठवली, आणि तक्ता तसाच राहिला. त्या तक्त्यात एक रकाना राहून गेला होता. तो कोणता, आणि तो भरता येण्यासारखा आहे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ज्यांनी ही वाट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उत्तराखंडातील धौला गावापासून रूपिन नदीच्या काठाने निघावयाचे, हिमाचलाच्या हद्दीत शिरून जाखा या डोंगराला टांगल्यासारख्या दिसणाऱ्या शेवटच्या गावी पोहोचावयाचे, तेथून सरुवास थाच, मग धंदेरस थाच. थाच म्हणजे मेंढपाळांचे कुरण. धंदेरसच्या माथ्यावर रूपिनचा धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो. त्याच्या वरच्या अंगाला, सुमारे ४,००० मीटरवर, अखेरचा मोठा मुक्काम असतो. आणि एका अरुंद, बर्फाने भरलेल्या घळीतून चढून सुमारे ४,६५० मीटरवर खिंड. पलीकडे किन्नौरातील सांगला. त्या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने अर्ध्याहून थोडाच अधिक असतो.

येथे आम्हां मराठी माणसांची एक अडचण आहे. आमचे पाय सह्याद्रीत तयार झालेले असतात. कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्याहून उंच आमच्याकडे काही नाही. तेथे माणूस थकला तर ते पायांचे थकणे असते, आणि बसले, पाणी प्यायले, गूळ-शेंगदाणे खाल्ले की तो उठतो. त्यामुळे मनाने घेतले की शरीर मागोमाग येते अशी आमची पक्की समजूत होऊन बसलेली असते. हिमालयात ती घातक ठरते. तेथे धडधाकट तरुण कोसळतो आणि पन्नाशीचा गृहस्थ सुखाने पलीकडे उतरतो. निश्चयाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांत एक दिवस मुक्काम हलवू नये, असे वैद्यक सांगते. यात शौर्याला जागा नाही. आहे ती रजेला.

रजा! खरे दुखणे तेच होते. वर्षाला नैमित्तिक रजा आठ. त्यांतल्या दोन-तीन घरच्या कार्यांत गेलेल्या. २०२३ साली एक कंपनी आठ दिवसांची वाट सहा दिवसांत उरकून देत होती, आणि ती स्वस्तही होती. जाखाहून सरुवासला मुक्काम न करता थेट धंदेरस, आणि धंदेरसचा विश्रांतीचा दिवस गाळलेला. एका दिवसात सुमारे ९०० मीटर. हे आम्हांस कळत नव्हते असे नाही. आम्ही ते वाचले आणि ‘कार्यक्षम आखणी’ असे त्याचे नाव ठेवले. काटकसर हा सद्गुण खरा. परंतु दुसऱ्याच्या जिवावर केलेली काटकसरही आरशात अगदी तशीच दिसते.

धबधब्याच्या वरच्या मुक्कामी दुपारी चारच्या सुमारास आमच्यातील एका स्नेह्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. डोके सकाळपासून दुखत होते, पण ते बोलले नव्हते. आमचा वाटाड्या त्याच खोऱ्यातला, चोविसाच्या आतबाहेरचा मुलगा. त्याने त्यांना उभे केले आणि एका सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावीत, दहा पावले चालावयास सांगितले. चौथ्या पावलाला ते झुकले. मुलगा म्हणाला, “सर, इनको अभी नीचे ले जाना पड़ेगा. आज ही.”

पुढे जे झाले ते लिहिताना लेखणी अडखळते. स्नेही म्हणाले, मला झोपू द्या, सकाळी ठीक होईन. बाकीच्यांना उद्याची घळ दिसत होती. पैसे भरले होते. आणि सोमवारी कार्यालयात हजर व्हावयाचे होते. आम्ही सर्वांत अधिक बोललो, कारण बोलणे आम्हांस येते. आवाज न चढविता आम्ही त्या मुलाला विचारले की हा निर्णय तो कोणत्या अधिकाराने घेत आहे. आणि अखेरीस असेही सुचविले की परत गेल्यावर कंपनीस काय लिहावयाचे ते आम्ही पाहूच. एवढे पुरले. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, “ठीक है सर,” म्हणाला आणि स्वयंपाकाच्या तंबूत निघून गेला.

रात्री दोनच्या सुमारास स्नेही असंबद्ध बोलू लागले. मग मात्र कोणी कोणास अधिकार विचारला नाही. एका भारवाहकाने त्यांना पाठीशी बांधले, वाटाड्या पुढे दिवा धरून, आणि त्या बर्फाच्या उतारावरून अंधारात ४५० मीटर खाली. भारवाहकाच्या पायांत रबरी बूट होते. बर्फात चालण्यासाठी बुटांना लावावयाचे काटे आम्हां गिऱ्हाइकांपुरतेच आणलेले. अर्ध्या उतारावर तो घसरला. पाठीवरचा माणूस वर राहील अशा बेताने तो पडला आणि त्याचे मनगट मोडले. स्नेही धंदेरसला पोहोचले तेव्हा त्यांना आपले नाव, गाव, हुद्दा, सारे सांगता येत होते. त्या दुखण्यावर खाली उतरण्याइतके खात्रीचे दुसरे औषध नाही. आम्ही आपसांत ५,००० रुपये गोळा करून भारवाहकाच्या दुसऱ्या हातात ठेवले. दरपत्रकातला विमा आमचा होता. तो रोजंदारीचा माणूस.

या गोष्टीत दोष कोणाचा, हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस कंपनीच्या नावावर टाकून मोकळे होतो. तिने दिवस गाळले, काटे वाचविले, हे खरेच आहे. परंतु त्या दुपारी कंपनी तेथे नव्हती. होता तो एक मुलगा, ज्याला खरे काय ते कळले होते, आणि होतो आम्ही, ज्यांच्या पैशावर त्याची चूल पेटत होती. त्याला ज्ञान होते. ते वापरण्याची मोकळीक नव्हती. वाटाड्याला आपण पैसे कशाचे देतो? वाट दाखविण्याचे, असे वरवर वाटते. परंतु रूपिनची वाट आता इतकी मळलेली आहे की स्वच्छ हवेत ती बहुधा आपली आपण सापडेल. आपण पैसे देतो ते एखाद्या दिवशी त्याने आपल्याला ‘नाही’ म्हणावे यासाठी. मात्र ज्याच्याकडून आपल्याला नकार हवा आहे, त्याची भाकरी आपल्या होकारावर अवलंबून असते.

हा पेच आजचा नव्हे. १८२० च्या ऑगस्टमध्ये डॉ. हॅमेल नावाचे रशियन झारच्या पदरचे एक विद्वान माँ ब्लाँ चढावयास गेले. हवा बिघडली, वाटाडे पुढे जाण्यास नाखूश होते. डॉक्टरांनी आग्रह धरला. बर्फाचा उतार घसरला आणि तीन वाटाडे हिमनदीच्या भेगेत गेले. डॉक्टर वाचले. त्या तिघांचे अवशेष हिमनदीने १८६१ साली, एकेचाळीस वर्षांनी, खाली आणून टाकले. या अपघातानंतर वर्षभराने, १८२१ साली, शामोनी गावच्या वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली. जगातील या धंद्याची पहिली कंपनी म्हणतात ती हीच. आणि ती गिऱ्हाइकांनी किंवा व्यापाऱ्यांनी नव्हे, जीव गमावणाऱ्यांच्या सोबत्यांनी काढली. अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसाठी निधी ठेवला आणि पाळीची पद्धत घातली: ज्याची पाळी असेल तो वाटाड्या प्रवाशाबरोबर जाणार, प्रवाशाने निवड करावयाची नाही.

आमच्यासारख्या, निवडीचा तक्ता पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाला ही पद्धत प्रथम विचित्र वाटते. इंग्रज गिर्यारोहकांनाही ती जाचक वाटली. त्यांनी पुढे तक्रारीही केल्या, आणि त्यांत तथ्य नव्हते असे नाही, कारण पाळी अडाण्याचीही येते. काम सर्वांत सारखे वाटले जावे हाच त्या पद्धतीचा मुख्य हेतू असावा. पण तिच्यातून आणखी एक गोष्ट आपोआप साधत असली पाहिजे. ज्याला आपली मर्जी राखून पुढचे गिऱ्हाईक मिळवावयाचे नाही, तो आपल्या तोंडावर खरे बोलू शकतो.

आजची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. प्रत्येक वाटसरू परतल्यावर कंपनीला तारे देतो, पाचांपैकी किती ते. तारे देतो कोण, तर जो माथ्यावर उभा राहून छायाचित्र काढून आला तो. आणि ज्याला घळीच्या तोंडाशी हात धरून परत फिरविले, तो एक तारा देऊन राग काढतो. म्हणजे जी कंपनी शहाणपणाने माघारी फिरते तिचे नाव खाली जाते. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात आठ माणसे मेली. त्यांत पैसे घेऊन गिऱ्हाइकांना वर नेणारे दोन नामांकित नेते, रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, हेही होते. दुपारच्या ठराविक वेळेला परतावे हे शहाणपण दोघांपाशी होते. त्या दिवशी ती वेळ टळून गेल्यावरही माणसे वर चढतच होती. दोघेही आपल्या धंद्यात अव्वल. तेव्हा कौशल्य आणि नाव पाहून निवड केली की झाले, असे म्हणता येत नाही.

आमच्या त्या स्नेह्यांनी परवा यावर एक आक्षेप घेतला, आणि तो सोडून देण्यासारखा नाही. ते म्हणाले, “वाटाड्याचा शब्द अखेरचा म्हणता, तर तो आळशी निघाला तर? भित्रा निघाला तर? उगाच परत फिरविले तर आपण तोंड मिटून यावयाचे?” आम्ही म्हणालो, होय, यावयाचे. तो चुकला तर आपली एक खिंड चुकते आणि काही हजार रुपये जातात. आपण चुकलो तर कोणाचे मनगट मोडते हे तुम्ही पाहिले आहे. किंबहुना तुम्ही त्याच्या पाठीवर होता. दोन्ही बाजूंना चूक संभवते म्हणून दोन्ही चुका एका मापाच्या होत नाहीत. ते काही बोलले नाहीत. पटले म्हणून की जिव्हारी लागले म्हणून, हे आम्हांस अजून कळलेले नाही.

आम्ही तक्त्यात नवा रकाना पाडला आणि पाचही कंपन्यांना तीन प्रश्न लिहून पाठविले. तुमच्या वाटाड्याने मंडळी माघारी आणली तर त्याच्या मजुरीत काही कमी होते काय? भारवाहकाचा विमा असतो काय, आणि त्याच्या पायांत काय असते? गेल्या हंगामात किती तुकड्या खिंडीखालून परतल्या? दोघांकडून उत्तर आले नाही. एकाने रंगीत माहितीपत्रक पुन्हा पाठविले. चौथ्याने अभिमानाने कळविले की आमची एकही तुकडी परतलेली नाही. त्या ओळीवर आम्ही काट मारली. पाचव्या कंपनीच्या माणसाचा दूरध्वनी आला. पहिल्या प्रश्नाशी तो थोडा थांबला, मग म्हणाला की मजुरी पूर्ण मिळते, पण बक्षिशी मिळत नाही. गिऱ्हाईक रागावलेले असते ना! बक्षिशी, म्हणजे आमच्या खिशातला भाग. विमा आहे, बूट देतो, आणि गेल्या हंगामात तीन तुकड्या परतल्या, असेही त्याने सांगितले. त्यांचा दर २१,००० आहे आणि धंदेरसला एक पूर्ण दिवस मुक्काम आहे.

बक्षिशीची रक्कम निघण्यापूर्वीच एका पाकिटात घालून, खिंड होवो न होवो, धौल्यालाच वाटाड्याच्या हाती द्यावी असे आम्ही सुचविले आहे. पाचांपैकी तिघे कबूल आहेत. आमच्या २०२३ च्या भारवाहकाचे पूर्ण नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, असे या निमित्ताने निघाले. जाखात विचारावे लागेल. नैमित्तिक रजा पुरत नसल्याने दहा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज केला आहे. तो अद्याप वरच्या टेबलावर आहे.