विषाद हा दोष काय?

मनाने खचणे हा मनुष्याचा नैतिक दोष मानावा काय, हा प्रश्न धर्मचिंतकांना नवा नाही. परंतु आज विद्यापीठांच्या वसतिगृहांतून तो ज्या निकडीने उभा आहे, तसा तो क्वचितच उभा राहिला असेल. लातूर-नांदेडकडच्या एखाद्या खेड्यातून, बापाने काढलेल्या कर्जाचे ओझे मनावर घेऊन पुण्यास शिकावयास आलेला मुलगा जेव्हा वर्गात जाईनासा होतो, खानावळीचा डबा न उघडताच परत पाठवू लागतो आणि घरचा फोन घेण्याचे टाळतो, तेव्हा त्याला जे ऐकावे लागते ते ठरलेले असते: मन घट्ट कर, एवढे मनाला लावून घेऊ नकोस, देवावर भरवसा ठेव. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा मायेचाच असतो. तथापि या उपदेशाच्या बुडाशी असे एक गृहीत असते की, ज्याची श्रद्धा दृढ आणि संकल्प बळकट त्याला विषाद होत नाही, आणि ज्याला झाला त्याच्या श्रद्धेत वा संकल्पात काही उणे आहे. हे गृहीत धर्माच्या नावावर चालत असल्यामुळे धर्मग्रंथांच्याच कसोटीस ते लावून पाहणे न्याय्य होईल.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय या दृष्टीने सावकाश वाचण्याजोगा आहे. ४७ श्लोकांच्या त्या अध्यायात, समोर जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढेच काय ते श्रीकृष्ण बोलतात. त्यानंतर अर्जुनाचे अंग कापते, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून निसटू लागते, मन भ्रमते. आणि ही सारी लक्षणे तो स्वतःच्या मुखाने एकामागून एक सांगत असता, त्याच्या युक्तिवादातील उणिवा ज्याला पदोपदी दिसत असल्या पाहिजेत तो सारथी त्याला मध्येच अडवीत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी मात्र दोन श्लोकांची खरमरीत कानउघाडणी येते. तिचा परिणाम काय झाला, इकडे आपले लक्ष फारसे जात नाही. अर्जुन उठला नाही. आपले दुःख त्याने पुन्हा सांगितले, मार्ग दाखविण्याची विनवणी केली, लढणार नाही असे म्हटले आणि तो गप्प बसला. प्रत्यक्ष भगवंताच्या शब्दांतील धिक्कारही जेथे विषाद हरू शकला नाही, तेथे वडीलमंडळींच्या किंवा प्राध्यापकांच्या धिक्काराने तो हरेल अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावी? पुढे जो दीर्घ संवाद चालतो त्यात अर्जुन वारंवार शंका काढतो, या बोलण्याने आपला गोंधळ वाढतो अशी तक्रारही करतो, आणि त्या तक्रारीपायी त्याला कोणी अश्रद्ध ठरवीत नाही. अखेरीस सर्व सांगून झाल्यावर निर्णय पूर्ण विचारांती त्यानेच करावा, असे ठरते. उत्तम समुपदेशकाचे कर्तव्य याहून निराळे असेल असे मला वाटत नाही.

या दाखल्याला अर्थात मर्यादा आहे. अर्जुनाचा विषाद हा कर्तव्याविषयीचा पेच होता. विद्यार्थ्याचा विषाद पुष्कळदा व्याधी असतो, आणि झोप, भूक व स्मरण यांचा ग्रास करणाऱ्या व्याधीपुढे नुसता संवाद, तो कितीही प्रेमळ असला तरी, पुरा पडत नाही. हा भेद आपल्या पूर्वसूरींना अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: मंत्र, उपवास इत्यादींवर आधारलेली दैवव्यपाश्रय, आहार व औषधे यांची युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरणारी सत्त्वावजय. तिन्ही एका पंक्तीत बसविलेल्या आहेत. जप करणाऱ्याने औषध वर्ज्य मानावे, असा अर्थ त्यातून निघत नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाची गोळी घेणारा मुलगा श्रद्धेपासून ढळला असे म्हणणे हे अज्ञान आहे, आणि त्याची किंमत भयंकर आहे.

सरकारदरबारी हा विचार फार उशिरा रुजू झाला. इंग्रजी अमदानीत, १८६० साली, झालेल्या दंडसंहितेच्या ३०९व्या कलमान्वये आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद फर्मावता येत असे. असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे मानावे आणि त्याच्यावर खटला भरू नये, ही तरतूद होण्यास २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा यावा लागला. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या दफ्तरात २०२२ या एकाच वर्षी तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. २०२५च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेस किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा तत्सम तज्ज्ञ नेमण्याचा आदेश दिला.

परंतु हुकमाने नेमणूक होते, विश्वास उत्पन्न होत नाही. समुपदेशकाच्या खोलीत बोललेला शब्द प्राचार्यांच्या टेबलावर किंवा पालकांच्या कानी जाईल अशी शंका आली, तरी ते दार कोणी ठोठावणार नाही. उपचारांविषयीची माहिती गुप्त राहावी हा रुग्णाचा हक्क २०१७च्या त्याच कायद्याने मान्य केला आहे, आणि त्यातील मोजके अपवाद सोडता तो पाळणे उपचार करणाऱ्या आरोग्य-व्यावसायिकांवर बंधनकारक आहे. माझी संस्थाचालकांना विनंती आहे की, समुपदेशकाकडे शिस्तीचे वा परीक्षेचे काम मुळीच सोपवू नये. आणि पालकांना विनंती ही की, मूल बोलू लागले तर त्याचे म्हणणे पुरते संपेपर्यंत त्याला अडवू नये, आणि ते बोलेनासे झाले तर त्याला एकटे न सोडता जाणकाराकडे न्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य चालू असतो, आणि त्यावर मराठीतून बोलता येते.