दोन म्हणजे किती?

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात २१ प्रश्न असतात. त्यातल्या २० प्रश्नांना ४ ते ० असे पाच पर्याय आणि शेवटचा प्रश्न मोकळा. मी नाशिकमध्ये बसून सॉफ्टवेअर लिहितो. फॉर्म बनवणं आणि त्यातली उत्तरं टेबलात नीट बसवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्यामुळे असेल, पण असला फॉर्म दिसला की मी प्रश्न नंतर वाचतो, पर्याय आधी.

शिक्षक तासाची तयारी किती करून येतात, हा दुसरा प्रश्न. पर्याय मराठीत आणले तर असे: ४ म्हणजे कसून, ३ समाधानकारक, २ वाईट, १ बेफिकिरीने, ० म्हणजे शिकवतच नाहीत. आता चौथा प्रश्न बघा, शिकवण्याची पद्धत कशी आहे? ४ उत्कृष्ट, ३ फार चांगली, २ चांगली, १ बरी, ० वाईट. म्हणजे एका प्रश्नात ‘वाईट’ला २ मिळतात आणि दोन प्रश्न पुढे गेलं की त्याच ‘वाईट’ला शून्य. पहिल्या प्रश्नात तर २ म्हणजे ५५ ते ६९ टक्के अभ्यासक्रम शिकवून झाला. हे तिन्ही २ एकाच बेरजेत जातात. कोडमध्ये हे चालून जातं, कारण कंप्युटरला २ म्हणजे २च. अर्थ काय होता ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पायऱ्या लावून माणसांचा कल मोजायची पद्धत मांडली. पुढे १९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्सने मोजपट्ट्यांचे चार प्रकार सांगितले आणि एक अवघड प्रश्न करून ठेवला. शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा आला एवढं कळतं, पण कोण कुणाच्या किती पुढे होता ते कळत नाही. मग अशा क्रमांकांची सरासरी काढायची कशी? संख्याशास्त्रवाले यावर अजून भांडतात. आपण मात्र दशांश चिन्हानंतर दोन आकडे काढून मोकळे. नॅकच्या तक्त्यात ३.२५ ला ए श्रेणी आणि ३.२६ ला ए प्लस. तेवढ्या ०.०१ वर कॉलेजच्या गेटवरचा फ्लेक्स बदलतो.

पण माझी खरी अडचण गणिताची नाही. शंभर मुलं आहेत असं धरा. नव्वद जणांनी ४ दिले आणि दहा जणांनी शून्य, म्हणजे ‘शिकवतच नाहीत’. सरासरी ३.६. श्रेणीच्या तक्त्यात धरलं तर ए प्लस प्लस! ती दहा मुलं कदाचित एकाच तुकडीतली असतील, एकाच विषयाला वर्षभर रिकामी बसलेली. त्यांनी फॉर्ममधली सर्वांत गंभीर तक्रार केली आणि आकड्याने ती गिळून टाकली. सरासरी काढायची हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि त्या ठरवण्यात कुणाचं म्हणणं ऐकू येणार नाही हेही ठरून जातं. याला तांत्रिक निर्णय म्हणणं मला जड जातं.

आता दुसरी गोष्ट. सुरगाण्याहून नाशिकला आलेली, घरातली पहिलीच पदवीला बसलेली मुलगी आणि गंगापूर रोडवरचा, मोठा भाऊ पुण्याच्या सीओईपीत शिकलेला मुलगा एकाच वर्गात बसतात. तास तोच, सर तेच. ती ४ देते, तो २ देतो. दोघंही खरं बोलतायत. यावर १९८८ मध्ये परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी ‘सर्व्हक्वाल’मध्ये एक उपाय काढला: अपेक्षा किती होती तेही विचारा आणि मिळालं त्यातून ती वजा करा. बँका, दुरुस्तीची सेवा अशा ठिकाणांसाठी काढलेली ही पट्टी पुढे विद्यापीठांतही आली. ऐकायला न्याय्य वाटते. पण जिला आयुष्यभर कमीच अपेक्षा ठेवायला शिकवलंय, तिच्या उत्तरातून अपेक्षा वजा केली की कॉलेज झकास ठरतं. अमर्त्य सेन हेच सांगत आले आहेत. वंचित माणूस जगता यावं म्हणून आपल्या इच्छा छोट्या करून घेतो, म्हणून त्याच्या समाधानावरून त्याचं भलं झालं की नाही हे ठरवता येत नाही. सर्वेक्षणाच्या नावातच ‘समाधान’ आहे, आणि ते वापरलं जातं गुणवत्तेसाठी.

त्यात आपल्या पिढीला स्टारची सवय. जेवण घेऊन आलेला मुलगा दारात म्हणतो, “दादा, फाइव्ह स्टार द्या हं.” आपण देतो. जेवण थंड असलं तरी देतो, कारण त्या आकड्यावर त्याचं पोट आहे हे आपल्याला माहीत असतं. तिथे मी खोटं बोलतो आणि मला त्याचं काही वाटत नाही. कॉलेजच्या फॉर्मवर हाच हिशोब उलटा बसतो. श्रेणी घसरली तर माझ्याच डिग्रीची किंमत घसरणार, मग ४ दाबा. दया कुठली आणि स्वार्थ कुठला, हे अंगठ्याला कळत नाही.

मला निवडायला सांगितलं तर मी घडलेल्या गोष्टी विचारीन. गेल्या महिन्यात या विषयाचे किती तास झाले? तपासलेली उत्तरपत्रिका हातात मिळाली का? आणि ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवीन. नॅकच्या सूचनेप्रमाणे सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात. इंटर्नशिपसाठी संस्था किती प्रयत्न करते, हे पहिल्या वर्षाच्या पोराने कशावरून सांगायचं? डेटाबेसमध्ये आम्ही नल आणि शून्य वेगळे ठेवतो. नल म्हणजे माहिती नाही, शून्य म्हणजे माहिती आहे आणि ती शून्य आहे. सरासरी काढताना नल बाजूला राहतो, शून्य मोजला जातो. एवढी सवलत आम्ही टेबलातल्या एका चौकटीला देतो. आणि शेवटी सरासरी न छापता कुठल्या पर्यायाला किती जणांनी बोट लावलं ते जसंच्या तसं छापीन. फ्लेक्सवर ते चांगलं दिसणार नाही, हे कबूल.

राहिला एकविसावा प्रश्न. शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा, असा. तिथे ४ नाही, ० नाही, नुसती रिकामी जागा. माझ्या ओळखीतले बहुतेक जण तिथे ‘नथिंग’ लिहून सबमिट करतात. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, ते कोण वाचतंय?